तिसरं बटण

पडद्यावर सहा नावं होती, पाच हिरवी आणि एक लाल. लाल नावापुढे लिहिलं होतं: सुरू केलेल्या भेटी एकशे अडतीस, पूर्ण केलेल्या भेटी एक.

"एक," निनादसाहेब म्हणाले. "सहा आठवड्यांत एक. मी चुकीचं तर वाचत नाहीये ना?"

चुकीचं ते वाचत नव्हते. आकडे मीच काढले होते आणि रंगही मीच भरले होते. लाल नाव अण्णासो मगदूम यांचं होतं आणि ते स्वतः टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बशीतला चहा फुंकत होते.

कुपवाडच्या एमआयडीसीतली आमची कंपनी वाफेचे व्हॉल्व्ह बनवायची. साखर कारखाने, दूध संघ, कागदाच्या गिरण्या, जिथे म्हणून मोठा बॉयलर आहे तिथे आमचा माल जायचा. अण्णा तो एकतीस वर्षं विकत होते. पहिला व्हॉल्व्ह आपण सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला होता असं ते सांगायचे. सांगणारे अण्णाच असल्यामुळे त्याला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार, पण थोरल्या साहेबांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

निनादसाहेब म्हणजे धाकटे साहेब. परदेशात शिकून आल्यापासून त्यांना एकच घोर होता. आपले विक्रेते सकाळी बाहेर पडतात ते संध्याकाळपर्यंत कुठे असतात, कुणाशी काय बोलतात, याचा कंपनीला पत्ताच नसतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी 'सेल्सगरुड' नावाचं मोबाइल ॲप शोधून काढलं. आधी सहा जणांनी सहा आठवडे वापरून बघायचं आणि पसंत पडलं तर चाळीसच्या चाळीस जणांना द्यायचं, असं ठरलं. पसंत पडतंय की नाही हे ठरवायचं काम माझं होतं. मी पंचवीस वर्षांची, पुण्याहून एमबीए करून आलेली, नोकरीला जेमतेम सहा महिने झालेली. त्याच महिन्याअखेर मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हेही ठरायचं होतं. ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, पण तेव्हाचा माझा रुबाब आठवला की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

ॲप मूळ इंग्रजीत होतं. आमच्या माणसांना ते मराठीत मिळावं म्हणून बनवणाऱ्यांनी दोनशे चौदा शब्दांची आणि वाक्यांची यादी पाठवली. एका रविवारी बसून मी ती एकहाती मराठीत केली. शाळेत मराठीला माझा पहिला नंबर असायचा, हे तेव्हा मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायची. निनादसाहेबांनी यादीच्या पानापानावर सही केली आणि सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मुख्य बटणं तीन होती. घरून निघताना 'निघालो', गिऱ्हाइकाच्या दारात त्याचा मोबाइल नंबर टाकून 'पोचलो' आणि काम आटोपलं की 'गेलो'. तिन्ही दाबली की एक भेट पूर्ण. बटणावर सहा अक्षरांच्या वर काही मावत नव्हतं आणि माझं एकही बटण तीन अक्षरांच्या पुढे गेलं नव्हतं, याचा मला फार अभिमान होता.

विक्रेत्यांना ॲपबद्दल आदर वाटावा म्हणून त्याच्या चित्रात पंख पसरलेला गरुड काढला होता. तो मोबाइलवर इतका बारीक दिसायचा की पहिल्याच दिवशी सगळे त्याला कोंबडी म्हणायला लागले. "कोंबडी उघडली का?" असं एकमेकांना विचारायचे. निनादसाहेब आले की गरुड म्हणायचे.

तर अण्णा पहिली दोन बटणं नेमाने दाबत होते. तिसरं दाबत नव्हते. त्यामुळे गरुडाच्या दृष्टीने अण्णा कुठूनच बाहेर पडले नव्हते. एकाच वेळी ते एकशे सदतीस ठिकाणी बसून होते. त्यातल्या एका कागद गिरणीत तर त्यांना बसून एकोणचाळीस दिवस झाले होते.

"अण्णा, तिसरं बटण का दाबत नाही तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"ऱ्हाऊन जातंय साहेब."

"एकशे सदतीस वेळा?"

"वय झालं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

हे काही मला पटलं नाही. कुठल्या कारखान्याच्या चीफ इंजिनिअरला गुळाचा चहा लागतो आणि कुणाच्या धाकटीचं कॉलेज कुठल्या गावात आहे, हे अण्णांना तोंडपाठ होतं. असा माणूस एक बटण विसरेल आणि तेही रोज चार वेळा, हे शक्य नव्हतं. पण निनादसाहेबांना ते पटलेलं दिसलं. सोमवारी कल्याणी मॅडमचा, म्हणजे माझा, अहवाल येईल, ते म्हणाले, तोवर काही वेगळं निघालं नाही तर एक तारखेपासून अण्णांनी स्टोअर सांभाळावं. फिरती तरुण मुलं बघतील.

स्टोअर म्हणजे मागच्या शेडमधली बिनखिडकीची खोली. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि वहीत सही घ्यायची. अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. फिरती म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता. रविवारीसुद्धा ते कारणं काढून कुठल्या तरी कारखान्याच्या गावात लग्नाला जायचे. साहेबांचं ऐकून खोलीतले बाकीचे पाचही जण आपापल्या चहात बघायला लागले. अण्णा फक्त बरं म्हणाले.

त्या रात्री मी आकडे परत चाळले आणि एक गोष्ट लक्षात आली. अण्णांची पूर्ण झालेली ती एकुलती एक भेट अगदी पहिल्या दिवसाची होती, एका दूध संघातली. म्हणजे माणसाला बटण दाबता येत होतं. त्याने ते एकदा दाबलं होतं आणि नंतर जन्मात दाबायचं नाही असं ठरवलं होतं. मी निनादसाहेबांना फोन करून शुक्रवारचा दिवस मागून घेतला. अण्णांसोबत फिरते, म्हटलं, अहवालाला बळकटी येईल.

शुक्रवारी सकाळी अण्णांच्या ओम्नीत मी पुढे बसले. मांडीवर माझी मूल्यमापनाची फाइल होती. तिच्यात वापरायला सोपं आहे का, वेळ वाचतो का, असे दहा प्रश्न होते आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, एका बोटाने 'निघालो' दाबलं आणि मला दाखवलं. मास्तरांना गृहपाठ दाखवावा तसं.

आधी आम्ही वारणाकाठच्या एका साखर कारखान्यात गेलो. तिथे पोचल्यावर अण्णांनी 'पोचलो' दाबलं. मग पुढचे दोन तास ते व्हॉल्व्ह हा शब्द न उच्चारता बोलत होते. फाटकावरच्या वॉचमनला त्याच्या गुडघ्याचं विचारलं, स्टोअरकीपरकडे अर्धा तास बसले, बॉयलर हाउसमध्ये जाऊन एका फिटरशी त्याच्या भावकीच्या वादावर बोलले. शेवटी चीफ इंजिनिअर कुलकर्ण्यांकडे गेलो. त्यांच्याशी उसाच्या उताऱ्यावर बोलणं झालं. मी फाइलमध्ये 'वेळ वाचतो का' या प्रश्नापुढे शून्य लिहिलं. आम्ही उठायला लागलो तेव्हा कुलकर्णी म्हणाले, "अण्णा, चार नंबरच्या लाइनला सहा इंचीचे आठ लागतील. पाठवून द्या." अण्णांनी मान डोलावली आणि म्हणाले, "येतो साहेब."

मग त्यांना निघायला वीस मिनिटं लागली. दारात एकदा येतो म्हणाले, व्हरांड्यात एकदा, जिन्यावर भेटलेल्या दोघांना एकेकदा आणि फाटकावर वॉचमनला एकदा. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अण्णा, आता तिसरं दाबा."

त्यांनी रेंज नाही म्हणून सांगितलं. माझ्या फोनला रेंज होती. मग बॅटरी उतरल्याचं सांगितलं. चार्जर ओम्नीतच होता. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि इथल्या रस्त्याला खड्डे फार आहेत, मला बोलायला लावू नका, म्हणाले.

मी पहिल्या दिवशीच्या त्या दूध संघात जायचं म्हटलं. तिथले खरेदी अधिकारी शिरगुप्पे साहेब रजेवर आहेत, असं अण्णांनी ताबडतोब सांगितलं. मी तिथल्या तिथे संघात फोन लावला. शिरगुप्पे साहेब जागेवर होते आणि या की म्हणाले. अण्णा पुढचे अठरा किलोमीटर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बोलण्यात सबंध जिल्ह्यात ज्यांचा हात धरणारा नव्हता ते अण्णा गप्प बसलेले बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

शिरगुप्पे साहेब गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या सफारीतले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला ताक दिलं, माझं कार्ड घेतलं, नाव मोठ्याने वाचलं आणि एकदम सरसावून बसले.

"कल्याणी बोडस. म्हणजे मराठी तुमीच केलंय व्हय ते?"

माझी कीर्ती इथवर पोचलेली बघून मला बरं वाटलं. हो, म्हटलं, मीच केलंय.

"साहेब, जाऊ द्या की," अण्णा मधेच म्हणाले.

"आता कशाला जाऊ द्या? त्या सवता आल्यात की. माफी मागायलाच आल्यात न्हवं?" असं म्हणून शिरगुप्प्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक मेसेज शोधून माझ्यापुढे धरला. "हे बगा. मी पुसला न्हाई. आठवण म्हणून ठेवलाय."

मेसेज आमच्या कंपनीच्या नावाने आला होता. भेट पूर्ण झाली की गिऱ्हाइकाला आपोआप जाणारा आभाराचा मेसेज, यादीतलं एकशे सत्याऐंशी नंबरचं वाक्य. मी तो वाचला.

'आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहोत. आमचे प्रतिनिधी श्री. अण्णासो मगदूम गेले. यापुढील कामासाठी कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा.'

हे वाक्य मी लिहिलं होतं. लिहिताना वाचलं होतं, तपासताना वाचलं होतं, साहेबांना वाचून दाखवलं होतं. मराठी माणसासारखं मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

पुढचं शिरगुप्प्यांनी सांगितलं, आणि फार रंगवून सांगितलं. त्या मंगळवारी, म्हणजे ॲपच्या पहिल्याच दिवशी, अण्णा त्यांच्याकडून उठून गेले आणि पाचव्या मिनिटाला हा मेसेज आला. जाताना अण्णा छातीत जळजळतंय म्हणाले होते. कारण तीन वाट्या मिसळ होती, पण ते कुणाला आठवतंय. शिरगुप्प्यांनी अण्णांना फोन लावला तर तो लागेना. कंपनीचाच मेसेज म्हटल्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. संघाची आठवड्याची बैठक भरलेली होती, तिथे जाऊन त्यांनी बातमी सांगितली. चेअरमन हळहळले. एक कारकून अण्णांच्या आठवणी सांगता सांगता रडला. शिपायाला हार आणायला पिटाळलं आणि बावीस माणसं दोन मिनिटं शांततेसाठी उभी राहिली.

"आणि त्यातच हे आले," शिरगुप्पे अण्णांकडे बोट करून म्हणाले. "चष्म्याचं घर माझ्या टेबलावर विसरलं हुतं. आले, बघितलं सगळी मान खाली घालून उभी हायत, तर हेबी टोपी काढून मागं उभे ऱ्हायले. सवताच्याच शोकसभेत. दोन मिंटं झाली, मी डोळं उघडलं, तर हे माझ्या कानाशी येऊन हळूच विचारत्यात, कोण गेलं ओ?"

मला हसू आलं, आणि हसू येतंय म्हणून स्वतःचा रागही आला. शिरगुप्पे डोळे पुसेपर्यंत हसत होते. आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून चेअरमननी तो अण्णांच्याच गळ्यात घातला, फोटोसुद्धा काढला. मग अण्णांनी बावीसच्या बावीस जणांना हात जोडून विनंती केली होती, की हे कंपनीत कुणाला कळवू नका, पोरगी नवी आहे.

परतीच्या वाटेवर एका वडाखाली अण्णांनी गाडी थांबवली आणि पाणी प्यायले. मी विचारलं, "मला तरी सांगायचं होतं अण्णा. मी एका मिनिटात शब्द बदलला असता."

"बदलायचा म्हंजे धाकट्या साहेबास्नी विचारायला लागलं असतं. ते कशापायी म्हणले असते. मग सांगायला लागलं असतं. तुमी अजून पक्क्या न्हाईसा."

"पण तुम्हाला स्टोअरमध्ये बसवतायत."

"मला नुसतं बसवत्यात," अण्णा म्हणाले. "तुमास्नी घालवलं असतं."

मी म्हटलं, मग निदान गिऱ्हाइकाच्या नंबराऐवजी दुसरा कुठला तरी नंबर टाकायचा आणि खुशाल बटण दाबायचं. नंबर विचारलाय गिऱ्हाइकाचा, अण्णा म्हणाले, तर खोटा कसा लिहायचा. आणि मेसेज जात नसता तरी त्यांनी ते बटण दाबलं नसतं.

"गिऱ्हाइकाच्या दारातनं कुणी गेलो म्हणतंय व्हय? येतो म्हणायचं असतंय. एकतीस वर्सांत मी कुटनंबी गेलेलो न्हाई, म्याडम. म्हणून तर परत जाता येतंय."

फाइल उघडी होती आणि 'वेळ वाचतो का' समोरचं शून्य मला दिसत होतं. ते मी खोडून टाकलं.

शनिवार आणि रविवार मी दोन अहवाल लिहिले. पहिल्यात सगळं खरं होतं. दुसऱ्यात अण्णांच्या मोबाइलमधल्या तांत्रिक बिघाडामुळे तिसऱ्या बटणाची नोंद होत नव्हती, असं एकच गुळगुळीत वाक्य होतं. दुसरा अहवाल फार सोयीचा होता. अण्णा बचावत होते, मी बचावत होते, शब्द मागाहून गुपचूप बदलता येत होता. त्याला नऊ गुण पडले असते. मी तो तीनदा वाचला आणि तीनदा मला अण्णा मान खाली घालून मागे उभे असलेले दिसले. बाकी काही नाही, पण लाज वाटली. सोमवारी मी पहिला घेऊन गेले.

खोलीत तेच सहा विक्रेते आणि निनादसाहेब होते. मी उभी राहून सांगितलं, की अण्णांची चूक नाही, चूक माझ्या शब्दाची आहे. मग मेसेज वाचून दाखवला. शोकसभेचं शक्य तेवढ्या कोरड्या भाषेत सांगितलं, तरी 'कोण गेलं ओ' पाशी तिघांचे खांदे हलायला लागले. अण्णा माझ्याकडे रागाने बघत होते.

निनादसाहेब हसले नाहीत. ते हुशार होते आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "बाकी पाच जणांनी मिळून हजारावर वेळा हे बटण दाबलंय. मग त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाने तक्रार कशी केली नाही?"

याचं उत्तर मला रविवारी सापडलं होतं. नंबरांचा रकाना उघडला की ते कुणालाही सापडलं असतं. पण ते मी सांगायचं म्हणजे पाच जणांना खड्ड्यात ढकलायचं होतं. मी अहवालाची पानं चाळायला लागले. शेवटी तानाजी खोत उभा राहिला. तो मिरज भागाचा विक्रेता, पाचांत सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात हिरवा.

"साहेब, ते मेसेज मला येत्यात."

"तुला कसे येतील?"

"गिऱ्हाइकाच्या नंबराच्या जागी मी माझाच टाकलाय. सगळ्यांनीच आपापला टाकलाय. गिऱ्हाइकाचा नंबर कुणी कंपनीला देतंय व्हय साहेब? उद्या तुमी आम्हाला काढलं तर आमच्याजवळ काय ऱ्हायलं?" इथे तो थांबला, आणि एकदाचं सांगून मोकळं व्हावं तसं म्हणाला, "सहा आठवड्यात मी दोनशे अकरा वेळा गेलोय, साहेब. बायकोनं एकदा वाचलं, तवापास्नं फोन उशाला घेऊन झोपू देत न्हाई."

यानंतर कुणालाच आवरलं नाही. अण्णासुद्धा टोपी तोंडावर धरून हसायला लागले. निनादसाहेबांनी यादीची फाइल पुढे ओढली आणि एकशे सत्याऐंशी नंबरचं पान काढलं. खाली त्यांची सही होती, चांगली झोकदार.

"मग काय लिहायला हवं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"येतो."

"पण तो तर निघून जातोय."

"हो साहेब," मी म्हटलं. "निघून जाताना येतोच म्हणतात."

मग म्हणाले की त्यांची आईही त्यांना दारात हेच म्हणायला लावते, ते विमानाने तेरा तासांवर जाणार असले तरी. एवढंच बोलून त्यांनी निर्णय सांगून टाकले. ॲप घ्यायचं, पण मराठी अण्णांना वाचून दाखवल्याशिवाय नाही. नंबरांचं पाच जणांशी स्वतंत्र बोलणं होईल, आणि त्या बोलण्यात कुणाला काढणार नाही याची हमी असेल. अण्णांची फिरती तशीच राहील. माझं कायम होणं तीन महिने पुढे ढकललं होतं आणि ते तीन महिने मी ऑफिसात बसायचं नव्हतं.

"शब्द चांगले आहेत तुमचे," साहेब म्हणाले. "आता ते ज्यांच्यासाठी लिहिता त्यांना बघून या. अण्णा, यांना घेऊन फिराल?"

अण्णा हो म्हणतील असं मला वाटत नव्हतं. विक्रेता आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाच्या हाती कधीही देत नाही, हे मी तासाभरापूर्वीच तानाजीकडून शिकले होते. त्या शुक्रवारी अण्णांनी मला नेलं होतं ते ऑफिसचं माणूस म्हणून. तीन महिने बरोबर नेणं म्हणजे आपला धंदा उघडून दाखवणं. अण्णांनी एकतीस वर्षांत हे कुणासाठी केलं नव्हतं. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि बघू म्हणाले. मला वाटलं हा नकारच आहे.

मंगळवारी सकाळी साडेसातला ओम्नी माझ्या खोलीखाली येऊन उभी राहिली. आम्ही परत त्याच साखर कारखान्यात गेलो. वॉचमनचा गुडघा झाला, स्टोअरकीपर झाला, फिटरची भावकी झाली. मी या वेळी फाइल आणली नव्हती. कुलकर्ण्यांच्या खोलीत गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, या मॅडम परत कशा?

अण्णा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी माझी खुर्ची टेबलाजवळ ओढली, त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या जागेवर.

"साहेब, ह्या आमच्या कल्याणीताई," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी मी न्हाई आलो तर ह्या येतील."

कुलकर्णी माझा नंबर लिहून घ्यायला लागले. मला माझाच नंबर सांगता येईना, तो अण्णांनी सांगितला.